गौरीची सजावट वैशाखातच सुकवा



आपल्यापैकी अनेकांचे सोयरे वरंध आणि आंबेनळी घाटांखाली महाड-पोलादपुराकडे आहेत. वैशाखात तिकडे बहावा पिवळाधमक फुलतो. दोन वर्षांमागे आम्ही त्याचे घोस आणले आणि कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले. गौरीला गाठोडे सोडले, तर आत नुसती बुरशी! घरच्यांनी शेवटी प्लॅस्टिकची फुले आणली. चूक बहाव्याची नव्हे, आमचीच. फुलात पाणी राहिले आणि वर पावसाळी दमट हवा. थर्मोकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ साली बंदी आली. तेव्हा झाडाचीच सजावट नीट कशी टिकवावी ते पाहू.

(१) तोडणी : दव उडाल्यावर करावी. पूर्ण फुललेले फूल झडते, म्हणून अर्धवट उमललेले घ्यावे.

(२) नाजूक फुले : नदीची बारीक वाळू धुवून, तापवून गार करावी. डब्यात थर देऊन फूल ठेवावे व वरून हलक्या हाताने वाळू सोडावी. डबा उघडाच, सावलीत, दोन-तीन आठवडे ठेवावा. उन्हात रंग उडतो. काटेसावरीच्या पाकळ्या जाड, रसाळ. त्या काळ्या पडतात.

(३) बकुळ : नुसत्या सावलीत सुकवावी. वास जात नाही.

(४) पाने : आंबा-फणसाची जून पाने असलेली डहाळी घ्यावी, कोवळी पालवी नको. देठ ठेचून एक भाग ग्लिसरीन व दोन भाग गरम पाणी यांत चार बोटे बुडेल अशी उभी करावी. पाने तपकिरी, पण लवचिक राहतात.

(५) पिंपळपान : पाण्यात तीन-चार आठवडे कुजवून मऊ ब्रशाने गर काढला की जाळी उरते.

(६) आयती सुकलेली : सागाच्या फुगीर फळांचे घोस, ऐनाची पंखांची फळे, शिरीषाच्या शेंगा.

पाकळी कुरकुरीत लागली तरच माल भरावा. मृगापूर्वी पत्र्याच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून, झाकण घट्ट लावावे. आम्ही हेच चुकलो होतो.

वनखात्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय काही आणू नये. विक्रीचा विचार असेल तर आधी गिऱ्हाईक पाहावे, मग ग्लिसरीनवर खर्च करावा. पहिल्या वर्षी एकच डबा करून पाहा. गौरीला उघडाल तेव्हा कसा निघाला, ते गट ऑफिसात जरूर कळवा.

— ऊस विकास अधिकारी