दोन सेलांचा रेकॉर्डर

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमासाठी दहा मिनिटांची फिल्म करायची असं जूनच्या बैठकीत ठरलं आणि ती माझ्या गळ्यात पडली. कारण एवढंच, की माझ्याकडे कॅमेरा आहे. विषय मात्र मला मनापासून हवा होता. सबाह अल-सालेममध्ये आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे काका-काकू ४१ वर्षांनी कायमचे रत्नागिरीला निघाले होते. २ ऑगस्ट १९९० च्या पहाटे इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले तेव्हा ते इथेच होते. बसने बगदाद, तिथून जॉर्डनची सरहद्द, मग अम्मान आणि शेवटी एअर इंडियाचं विमान. दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन केलेला हा प्रवास काकांनी आम्हाला तुकड्यातुकड्यांत सांगितलेला. सलग कधीच नाही. इकामा सप्टेंबरअखेर संपणार होता, तिकिटं निघाली होती. म्हणजे जे काही करायचं ते त्याआधी.

जुलैत एका शुक्रवारी कॅमेरा तिवईवर लावला, काकांना सोफ्यावर बसवलं आणि ते दीड तास बोलले. इतकं सुरेख, की मी प्रश्न विचारायचेही विसरले. रात्री घरी येऊन ऐकलं, तर पुढे एसीची घरघर आणि तिच्यामागे कुठेतरी काका. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालंय, तेव्हापासून आवाज बारीक झालाय. कॉम्प्युटरवर घरघर काढायचा प्रयत्न केला, तर काका बादलीत तोंड घालून बोलताहेत असं वाटायला लागलं. चित्र मात्र लख्ख! काकूंच्या शोकेसमधला प्रत्येक कप मोजता येत होता.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की कॅमेऱ्याला डोळा चांगला असतो, कान नाही. कान वेगळा घ्यायला हवा.

हवल्लीतल्या दुकानांत चार संध्याकाळी घालवल्या. विक्रेत्याने पहिल्यांदा पुढे केला तो सहा माइक जोडता येणारा रेकॉर्डर. सहा माइक आणि काका एक! दुसरा हातात धरायचा, डोक्यावर दोन माइक असलेला. दिसायला छान, भजनाच्या कार्यक्रमाला किंवा ढोल-ताशाला उत्तम, पण मुलाखतीत तोही टेबलावरच राहणार. मग झूम एफ३ पाहिला. तळहाताएवढा, दोन एक्सएलआर माइक लागतात, ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा देतो, म्हणजे स्टुडिओतले चांगले माइकही चालतात. आवाजाची पातळी ठरवायचं बटणच नाही. तो ३२-बिट फ्लोट पद्धतीने साठवतो. हे काय प्रकरण आहे ते समजायला मला दोन दिवस लागले, म्हणून इथे थोडं सांगते.

नेहमीच्या २४-बिट रेकॉर्डरमध्ये पातळी आधी ठरवावी लागते. जास्त ठेवली आणि माणूस हसला, की आवाज फाटतो. फाटलेला आवाज शिवता येत नाही. कमी ठेवली आणि माणूस पुटपुटला, की नंतर वाढवताना यंत्राची स्वतःची सूंसूं वर येते. ३२-बिट फ्लोटच्या फाइलमध्ये कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत सगळं मावतं. पातळी घरी बसून, नंतर ठरवायची. स्वयंपाकात मीठ शेवटी घालायची मुभा मिळावी तसं. एकट्याने कॅमेरा, प्रश्न आणि आवाज सांभाळणाऱ्या माझ्यासारखीला हे वरदानच. पण विक्रेत्याने जे सांगितलं नाही ते असं: खोलीतली घरघर हे यंत्र काढत नाही. तीसुद्धा तितक्याच प्रामाणिकपणे साठवतं.

घरघरीवर उपाय एकच, अंतर. माइक आणि तोंड यांतलं अंतर निम्मं केलं की बोलणं सुमारे ६ डेसिबलने वर येतं. एसी छतात असतो तिथेच असल्याने त्याचा आवाज जवळपास तेवढाच राहतो. माझा कॅमेरा काकांपासून ३ मीटरवर होता. शर्टाच्या दुसऱ्या गुंडीपाशी लावलेला कॉलर माइक तोंडापासून २० सेंटीमीटरवर येतो. हे गणित मांडल्यावर दुकानातले निम्मे रेकॉर्डर आपोआप बाद झाले. उरले दोन, दोन्ही खिशात मावणारे, कॉलर माइकसकट येणारे: टॅस्कॅम डीआर-१०एल आणि झूम एफ२. टॅस्कॅम २४-बिट आहे, पण तो शहाणपणाने दुसरी फाइल कमी पातळीवर करून ठेवतो, पहिली फाटली तर ही असते. एफ२ मध्ये ३२-बिट फ्लोट. मी एफ२ घेतला. दोन ट्रिपल-ए सेल, एक बारीक कार्ड आणि चुकून बटण दाबलं जाऊ नये म्हणून सरकवायची कळ. या शेवटच्या कळीसाठी पैसे वसूल! काका बोलता बोलता खिसे चाचपतात.

बिनतारी माइक का नाही, असं घरातून विचारणा झाली. ते सोयीचे खरे, पण आमच्या इमारतीत प्रत्येक घरी दोन-दोन राउटर. मधेच एखादा शब्द तुटला तर काका तो पुन्हा त्याच सुरात बोलतील का? खिशातल्या रेकॉर्डरला कुणाशी बोलायचंच नसतं.

मग खोली. कुवेतमध्ये ऑगस्टात एसी बंद करा म्हणणं म्हणजे पाहुण्याला भट्टीत बसवणं. सेंट्रल एसीच्या थर्मोस्टॅटचा काटा २८ वर नेला की १५-२० मिनिटं पंखा थांबतो. तेवढ्यात एक आठवण पुरी करायची, मग पुन्हा थंड करायचं, सरबत घ्यायचं. याचा एक फायदाही झाला. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं थोडी वेगळी चालतात, लांब चित्रणात ओठ आणि शब्द हळूहळू फारकत घेतात. छोट्या तुकड्यांत तो त्रास नाही. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला एक टाळी वाजवायची, ती दोन्हीकडे नोंदली जाते आणि जुळवायला खूण मिळते. दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवायला विसरू नका. खिडक्यांवर गोधड्या टांगल्या, कारण ३० नंबरच्या हायवेची गाज काचेतून येते. फ्रिज बंद केला आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवली. ही ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची जुनी युक्ती. घरी निघताना किल्ली काढायला फ्रिज उघडावाच लागतो, मग तो सुरू करायचं लक्षात राहतं. काकूंचा नारळाचा रस नाहीतर नासला असता.

वेळ असर आणि मगरीबच्या मधली घेतली. तरी एकदा अंदाज चुकला आणि काका बसमधल्या रात्रीचं सांगत असताना अजान सुरू झाली. ते थांबले, ती संपेपर्यंत गप्प राहिले आणि पुढच्या शब्दापासून बोलू लागले. तो तुकडा मी कापला नाही.

आवाजातलं सगळंच काढून टाकायचं नसतं, हे मी ओव्यांवरून शिकले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या अनेक प्रत्यक्ष गाणाऱ्या बायकांकडून मुद्रित केल्या. आज 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. त्यांतल्या काहींत जात्याची घरघर आहे, आणि ती नसती तर ओवी उघडी पडली असती. एसीची घरघर वेगळी, जात्याची वेगळी.

दुसऱ्यांदा काका जुलैइतकं सहज बोलले नाहीत. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगताना माणूस आवरून सांगतो. मनातून मी खट्टू होते. शेवटच्या तुकड्यात ते म्हणाले, "बसच्या भाड्यासाठी हिच्या चार बांगड्या विकाव्या लागल्या." आणि पुढे अम्मानच्या तंबूंकडे वळले. मीही वळले.

रात्री हेडफोन लावून ऐकताना त्या वाक्यानंतरच्या शांततेत काहीतरी हललं. पातळी वाढवली. घरघर वाढली, भांड्याचा आवाज आला, आणि स्वयंपाकघरातून, अगदी लांबून, काकूंचा आवाज: "दोनच विकल्या. दोन त्या बाळंतिणीला दिल्या, तिचं तिकीट नव्हतं."

काकांना एका कानाने कमी येतं. मला तर तिथे बसूनही ऐकू आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन काकूंना एकटीला गाठलं. "काकांना माहीत नाही?"

"विचारलं नाही त्यांनी कधी. घरी पोचल्यावर चारही हात रिकामेच दिसले ना, मग मोजणार कोण?"

"फिल्ममध्ये ठेवू का? नको असेल तर काढते."

काकू तांदूळ निवडत होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ठेव गं. यंत्र लावल्याशिवाय माझं कुठे ऐकतात ते!"

फिल्म दिवाळीच्या कार्यक्रमात दाखवू, रत्नागिरीला त्याच वेळी फोनवर दिसेल अशी सोय मुलाने केली आहे. काकूंच्या वाक्याखाली अक्षरं दिली आहेत, कारण घरघर मी पुरती काढलेली नाही. काढली की काकूही जातात.

रेकॉर्डर माझ्याकडेच आहे. मंडळात ज्यांना आपल्या घरातल्या कुणाचं बोलणं मुद्रित करायचं असेल त्यांनी खुशाल न्यावा. बायकांना माइक लावताना मंगळसूत्र पदराआड घ्यायला सांगा, नाहीतर प्रत्येक श्वासाला मणी वाजतात. सेल मात्र आपापले आणावेत, आणि नवे.