'नॉर्मल' म्हणजे नेमकं काय? रक्त, हृदय आणि एका शब्दाचा घोटाळा

मागच्या व्याख्यानात आपण 'कारण' या संकल्पनेचा विचार केला. आज 'नॉर्मल' हा शब्द घेऊ. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात तो आपल्याला क्वचित भेटतो, लॅबच्या रिपोर्टवर मात्र नेहमी. तेव्हा रक्त आणि हृदय यांच्याच वाटेने जाऊ.

मराठीत 'नेहमीचं' आणि 'निरोगी' हे दोन वेगळे शब्द आहेत. एखाद्याची सर्दी नेहमीची असेल, म्हणून तिला कोणी निरोगीपण म्हणत नाही. 'नॉर्मल'मध्ये मात्र दोन्ही अर्थ एकत्र कोंबले गेले आहेत.

आधी रक्तात काय असतं ते पाहू. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातला ५५ टक्के भाग रक्तद्रव, म्हणजे मुख्यतः पाणी आणि त्यात प्रथिनं, क्षार, साखर. उरलेला ४५ टक्के भाग पेशींचा. एका घन मिलिमीटरमध्ये तांबड्या पेशी ५० लाखांच्या आसपास, पांढऱ्या ४ ते ११ हजार, प्लेटलेट्स दीड ते साडेचार लाख. पण हे आकडे म्हणजे डब्यात मोजून ठेवलेलं धान्य नव्हे. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. त्यामुळे अस्थिमज्जेला दर सेकंदाला २० लाखांहून अधिक नव्या पेशी तयार कराव्या लागतात. चार महिन्यांनी आकडा तोच दिसतो, पेशी मात्र जवळजवळ सगळ्या बदललेल्या असतात.

आता रिपोर्टवरची 'नॉर्मल रेंज' कुठून येते? बहुतेक तपासण्यांत निरोगी माणसांची मोजमापं घेतात, दोन्ही टोकांची अडीच-अडीच टक्के बाजूला ठेवतात आणि मधली ९५ टक्के धरतात. म्हणजे व्याख्येनुसारच १०० निरोगी माणसांतली ५ रेंजच्या बाहेर जाणार! एकमेकींवर अवलंबून नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर सगळेच आकडे रेंजमध्ये येतील अशी निरोगी माणसं १०० मध्ये जेमतेम ३६. तेव्हा एखादा आकडा ठळक अक्षरात छापलेला दिसला की लगेच घाबरू नये. डॉक्टरांना विचारावं, एवढाच त्याचा अर्थ.

आता याची उलटी बाजू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय मानतात. निम्म्याहून अधिक बायकांमध्ये जे आढळतं, ते 'नेहमीचं' तर झालंच. म्हणून ते निरोगी ठरतं का? "बायकांना एवढं कमी असतंच" हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो. त्या एका वाक्यामुळे कितीतरी जणींचे उपचार राहून जातात.

यात हृदयाचा संबंध कसा येतो, ते पाहा. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. हिमोग्लोबिन १४ असेल तर १०० मिलिलिटर रक्तातून सुमारे १९ मिलिलिटर ऑक्सिजन जातो. ७ असेल तर निम्माच. शरीराची गरज मात्र तेवढीच राहते. ती भागवायला हृदयाला जास्त रक्त पंप करावं लागतं. दोन जिने चढल्यावर छाती धडधडते ती यामुळेही असू शकते. दरवेळी वयाकडे बोट दाखवू नये.

विश्रांतीत हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर ५ लिटर झाले, म्हणजे अंगातलं जवळजवळ सगळं रक्त! विल्यम हार्वेने १६२८ मध्ये असाच हिशेब मांडला होता: एवढं रक्त अन्नातून सतत नव्याने तयार होणं शक्य नाही, म्हणजे तेच रक्त फिरत असलं पाहिजे.

हे काम चार गोष्टींवर ठरतं. एक, ठोक्यांची गती. ती मज्जातंतू कमी-जास्त करतात. दोन, हृदयात परत येणारं रक्त. ते जास्त आलं की निरोगी हृदय जास्त जोराने आकुंचन पावतं. तीन, हृदयाच्या स्नायूची स्वतःची ताकद. चार, रक्तवाहिन्यांचा विरोध. वाहिनीची त्रिज्या निम्मी झाली तर विरोध १६ पट होतो. म्हणून वाहिन्या थोड्याशा आवळल्या तरी रक्तदाब चढतो.

आपण झोपून उठतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रोहिण्यांमध्ये दाब ओळखणारी केंद्रं असतात. ती मेंदूला खबर देतात आणि काही सेकंदांत ठोके वाढतात, वाहिन्या आवळतात. हा तोल सांभाळण्याला वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये 'होमिओस्टॅसिस' असं नाव दिलं. वयाबरोबर ही यंत्रणा मंदावते. म्हणून आपल्या वयाच्या मंडळींनी पहाटे पलंगाच्या कडेला मिनिटभर बसूनच उठावं.

फ्रेंच तत्त्वज्ञ जॉर्ज कांगिलेम यांनी १९४३ मध्ये मांडलेला मुद्दा इथे लागू पडतो. निरोगीपण म्हणजे सरासरीत बसणं नव्हे; परिस्थिती बदलली तरी तिला सामोरं जाण्याची ऐपत, म्हणजे निरोगीपण. पुण्याचा माणूस साडेतीन हजार मीटरवरच्या लेहला काही आठवडे राहिला तर त्याचं हिमोग्लोबिन वाढतं. आकडा बदलला, पण शरीर आपलं काम चोख करतंय.

मग रिपोर्ट वाचायचा कसा? एक, जुने रिपोर्ट जपून ठेवावेत. एखाद्या पुरुषाचं हिमोग्लोबिन १५.५ वरून १३.२ वर आलं तर ते रेंजमध्येच आहे, पण घसरण का झाली हे विचारायलाच हवं. पोटात कुठे हळूहळू रक्तस्राव होत असू शकतो. दोन, "बीपी नॉर्मल आलं" म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नये. ते नॉर्मल आलंय ते बहुधा गोळीमुळेच! आणि तीन, घरातली बाई दमते आहे असं दिसलं तर "असतंच" म्हणण्याआधी तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्यावं.

आता आपण प्रश्न घेऊ.