पोच येईपर्यंत

हौशी रेडिओवरचे पॅकेट म्हणजे मजकुराचा एक लहान तुकडा. तो ज्याला पाठवायचा त्याचे आणि पाठवणाऱ्याचे कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळालेले नाव, त्याच्या पुढे जोडलेले असते, मागे तपासणीचा आकडा असतो आणि दोन्ही टोकांना सीमा दाखवणारी खूण असते. संगणक हा तुकडा तयार करतो, मॉडेम त्याचे सुरांत रूपांतर करतो आणि ट्रान्सीव्हर ते सूर हवेत सोडतो. पलीकडच्या केंद्रावर हाच क्रम उलटा चालतो. तुकडा धड पोचला असेल तर तिथून पोच येते, नाही आली तर तोच तुकडा पुन्हा पाठवला जातो. मोबाइलचा टॉवर, केबल, इंटरनेट यांपैकी मध्ये काहीच नसते. पॅकेट रेडिओ समजून घ्यायचा तर लक्ष मजकुरापेक्षा पोचेवर ठेवावे लागते, कारण सगळी यंत्रणा तिच्याभोवती उभी आहे.

पुण्याच्या पश्चिम भागातल्या एका गच्चीखालच्या खोलीत हे काम संध्याकाळी पाहता येते. खोली पदार्थविज्ञानाच्या एका निवृत्त शिक्षिकेची आहे. टेबलावर 2 मीटर बँडचा ट्रान्सीव्हर, 12 व्होल्टची बॅटरी, जुना लॅपटॉप आणि त्यांनी स्वतः जोडलेला मॉडेम. सोल्डरिंगच्या तारेतली राळ तापली की येणारा गोडसर, घशाला किंचित लागणारा वास त्या खोलीतून पूर्ण जात नाही. काम सुरू करण्यापूर्वी बाई एक बोट वर करतात. वर्गात शांतता हवी असताना शिक्षक करतात तसेच. मग काही क्षण फक्त ऐकतात. वाहिनीवर दुसरे कोणी बोलत असेल तर आपण थांबायचे, हा या कामाचा पहिला नियम आहे. तो नियम यंत्रही पाळते आणि बाईंचे बोटही.

वेग सेकंदाला 1200 बिटांचा. टेलिफोनसाठी बनवलेल्या बेल 202 या जुन्या मॉडेमचा दर्जा हॅम मंडळींनी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांनी, उचलला, कारण त्याचे सुटे भाग स्वस्त होते आणि साध्या एफएम ट्रान्सीव्हरच्या माइकच्या जागी ते सूर सहज देता येत होते. सूर दोनच आहेत, 1200 हर्ट्झचा आणि 2200 हर्ट्झचा. सूर बदलला तर शून्य, तोच राहिला तर एक. सलग पाच एक आले की पाठवणारे यंत्र आपणहून एक शून्य घालते आणि घेणारे यंत्र तो काढून टाकते. त्यामुळे सूर फार वेळ एका जागी अडकत नाही आणि सहा सलग एक असलेली सीमाखूण मजकुरात चुकूनही उमटत नाही. कानाला हे सगळे तापल्या तेलात मोहरी टाकल्यासारखे ऐकू येते. एक चर्र, मग शांतता, मग पलीकडून आखूड चर्र. ती दुसरी, आखूड असते तीच पोच.

वेग कमी नाही का, या प्रश्नावर बाईंचे उत्तर ठरलेले आहे: “बाराशे. पण बरोबर बाराशे.” हिशेब करून पाहिला की या आकड्याचे दोन्ही अर्थ कळतात. 2 मेगाबाइटचा एक फोटो या वेगाने पाठवायला, एकही तुकडा वाया गेला नाही असे धरले तरी, 3 तास 42 मिनिटे लागतील. पण 256 बाइटचा, म्हणजे एका तुकड्यात मावेल तेवढा पूर्ण मजकूर दोन सेकंदांच्या आत जातो. आपत्तीत ज्याची गरज असते ते बहुतेक सगळे दोनशे छप्पन्न बाइटमध्ये बसते: कोण, कुठे, किती जण, काय हवे.

मराठीत लिहायचे असेल तर मात्र किंमत मोजावी लागते. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना आणि वेलांटी तीन बाइट घेते. ‘मी सुखरूप आहे’ हे तीन शब्द देवनागरीत 35 बाइट होतात, रोमन लिपीत 15. शिवाय जुन्या यंत्रांच्या पडद्यावर देवनागरीचा निव्वळ कचरा दिसतो. म्हणून मराठी हॅमही रोमन लिपीत मराठी लिहितात. बाई मात्र आपल्या ओळखीच्या केंद्रांना देवनागरीत पाठवतात. पत्ते आणि तपासणी यांचे 20 बाइट धरून तो संदेश 55 बाइटांचा, म्हणजे 440 बिटांचा होतो आणि सेकंदाच्या साधारण एक तृतीयांशात निघून जातो. ट्रान्समीटर स्थिरावण्यासाठी आधी सोडलेला वेळ धरला तरी एक सेकंदही लागत नाही. या हिशेबापुढे रोमन लिपीचा आग्रह धरण्यासारखे फार काही उरत नाही.

तुकड्याच्या रचनेला एएक्स.25 हे नाव आहे. टेलिफोन खात्यांनी संगणकांच्या जोडणीसाठी वापरलेल्या एक्स.25 या नियमावलीवरून ती बेतली गेली आणि तिची दुसरी आवृत्ती 1984 मध्ये अमेरिकेतील हौशी रेडिओ संघटनेने, एआरआरएलने, प्रसिद्ध केली. मूळ नियमावलीत नसलेली एक गोष्ट तिच्यात आली: प्रत्येक तुकड्यावर कॉलसाइन. हॅमला परवाना सरकार देते आणि आपली ओळख दिल्याशिवाय त्याने हवेत काही सोडू नये अशी अट असते. तारेवरच्या जाळ्यात पत्ता यंत्राचा असतो. इथे पत्त्याच्या जागी परीक्षा देऊन मिळवलेले नाव असते. कॉलसाइनची सहा अक्षरे आणि पुढे 0 ते 15 यांपैकी एक आकडा, म्हणजे एकच माणूस घरचे केंद्र, गाडीतले केंद्र आणि डाकपेटी वेगवेगळ्या आकड्यांनी चालवू शकतो.

या सगळ्याचे मूळ हवाईत आहे. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये अलोहानेट सुरू केले. बेटांवरची केंद्रे एकाच रेडिओ वाहिनीवरून मुख्य संगणकाशी बोलत. ज्याला पाठवायचे त्याने सरळ पाठवावे, पोच आली नाही तर थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवावे, आणि हा ‘थोडा वेळ’ प्रत्येकाचा वेगळा असावा, इतकीच ती कल्पना. गणित सांगते की अशा वाहिनीची जास्तीत जास्त अठरा टक्के क्षमताच कामी येते, बाकीची टकरींत जाते. हॅम मंडळींनी त्यात आधी ऐकण्याची भर घातली. वाहिनी मोकळी दिसली तरी यंत्र लगेच बोलत नाही. ते जणू फासा टाकते, बहुधा चारात एक अशा संधीने, आणि दान पडले नाही तर सेकंदाचा दहावा भाग थांबून पुन्हा टाकते. दोघे एकाच क्षणी तोंड उघडू नयेत म्हणून ही व्यवस्था.

हौशी रेडिओवर पहिले पॅकेट 31 मे 1978 रोजी कॅनडातील माँट्रिऑलमध्ये गेले. व्हँकुव्हरच्या गटाने टर्मिनल नोड कंट्रोलर, म्हणजे टीएनसी नावाची पेटी घडवली आणि अमेरिकेत टूसॉनच्या गटाने ती जोडायला सोप्या संचाच्या रूपात जगभर पोचवली. डिसेंबर 1980 मध्ये हँक मॅग्नस्की यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरात पहिला पॅकेट रिपीटर चालू केला. पुढच्याच वर्षी त्यांनी हौशी रेडिओसाठी इंटरनेटच्या पत्त्यांचा एक अख्खा गट, 44 या आकड्याने सुरू होणारा, मागून घेतला. आज ज्या मोठ्या जाळ्याला सगळे ओळखतात, त्याच्या पाळण्याशेजारी हे धाकटे भावंड होते, हे फार थोड्यांना माहीत असते.

ऐकण्याच्या नियमाला डोंगर आडवा येतो. दोन दऱ्यांतली दोन केंद्रे एकमेकांना ऐकू शकत नाहीत, पण वरच्या कड्यावरचे केंद्र दोघांनाही ऐकते. दोघांनाही वाहिनी मोकळी वाटते, दोघेही बोलतात आणि कड्यावर नुसती खरखर पोचते. सह्याद्रीत ही अडचण पुस्तकी राहत नाही. बाईंच्या संध्याकाळच्या संदेशांचा वाटेकरी डोंगराच्या पलीकडच्या गावात आहे. मध्ये उंचावर तिसऱ्या एका हॅमचे शेतघर आहे आणि तो तिथे मुक्कामाला असला की त्याचे केंद्र डिजिपीटरचे काम करते. डिजिपीटर पूर्ण तुकडा ऐकतो, तपासणीचा आकडा जुळवतो, वाटेच्या यादीत आपले नाव आहे का ते पाहतो आणि नावावर खूण करून त्याच वाहिनीवर तुकडा पुन्हा सोडतो. पडद्यावर ती खूण तारांकनाने दिसते. तारांकन दिसले की बाई मान हलवतात, पण बोट खाली घेत नाहीत. डोंगर चढला इतकेच कळले, उतरला की नाही ते अजून कळायचे असते.

इथेच जुन्या पद्धतीचे दुबळेपण आहे. डिजिपीटर स्वतः पोच देत नाही. पोच फक्त शेवटचे केंद्र देते आणि ती त्याच वाटेने परत यावी लागते. मध्ये तीन डिजिपीटर असतील तर जाताना चार टप्पे, येताना चार. प्रत्येक टप्प्यावर दहापैकी नऊ तुकडे धड पोचतात असे धरले, जे चांगलेच म्हणायचे, तरी आठही टप्पे निभावण्याची शक्यता 43 टक्के उरते. एका टप्प्यावर बिनसले की सगळा प्रवास पहिल्यापासून करावा लागतो. 1987 मध्ये आलेल्या नेट/रॉम या प्रणालीने यावर उपाय केला. तिच्यातला प्रत्येक नोड, म्हणजे मधले केंद्र, आपल्या शेजाऱ्याकडून पोच घेतो आणि हरवलेला तुकडा आपल्या टप्प्यापुरता पुन्हा पाठवतो. पॅकेट रेडिओतली ही सर्वांत शहाणी सुधारणा म्हणावी लागेल. लांबच्या एकाच पोचेच्या जागी जवळच्या अनेक पोचा आल्या.

माणूस जागेवर नसेल तर संदेश ठेवायला डाकपेटी लागते. तिचा एक सुरुवातीचा प्रोग्राम हँक ओरेडसन यांनी लिहिला आणि ऐंशीच्या दशकात अशा पेट्या देशोदेशी उभ्या राहिल्या. जोडणी झाली की पेटी एका ओळीत विचारते, वाचणारा एका अक्षराने उत्तर देतो: यादी, वाचन, नवा संदेश, निरोप. खरी गंमत रात्री असते. पेट्या एकमेकींना हाक मारतात आणि पुढे पाठवायच्या संदेशांचे क्रमांक सांगतात. समोरची पेटी प्रत्येकाला हो किंवा नाही म्हणते, कारण तोच संदेश तिला दुसऱ्या वाटेने आधीच मिळालेला असू शकतो. जे नसेल तेवढेच जाते. बाराशेच्या वेगात काटकसर अशी मुरलेली असते.

नव्वदच्या दशकात ईमेल घरोघरी आले आणि बऱ्याच पेट्या बंद पडल्या. आज विनलिंक ही स्वयंसेवकांची सेवा रेडिओवरून आलेला संदेश ईमेलमध्ये उतरवते. समुद्रावरच्या नौकांना आणि मदतपथकांना तिचा मोठा आधार आहे. मात्र तिचा सगळा भर कुठेतरी इंटरनेट शाबूत असण्यावर असेल, तर ज्या दिवसासाठी हे सगळे जपायचे त्या दिवशी ती अपुरी पडेल. पेटीपासून पेटीपर्यंत जाणारी जुनी वाट म्हणूनच मोडू देऊ नये.

भारतातल्या हॅमनी 1993 चा किल्लारीचा भूकंप, 2001 चा भूजचा भूकंप आणि 2004 ची त्सुनामी या प्रसंगी रेडिओवरून निरोप पोचवले, ते प्रामुख्याने आवाजाने. आवाज माणसाला धीर देतो. पण जखमींची नावे, औषधांची मात्रा, गावांची यादी आवाजाने सांगताना अक्षर न् अक्षर फोडून सांगावे लागते आणि तरी चूक राहते. तपासणीचा आकडा असलेल्या पॅकेटात नाव एकतर जसेच्या तसे पोचते किंवा पोचतच नाही, आणि पोचले नाही हे पाठवणाऱ्याला कळते. एवढ्यासाठी बाराशे पुष्कळ झाले. खासगीपणाची अपेक्षा मात्र करता येत नाही. हौशी रेडिओवर सांकेतिक लिपीला आणि धंद्याच्या निरोपांना बंदी आहे. पॅकेट कोणीही वाचू शकतो, आणि पोस्टकार्डावर लिहिताना जो संयम असतो तो इथेही लागतो.

एक डिजिपीटर तर सुमारे 400 किलोमीटर उंचीवर आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचे पॅकेट यंत्र चालू असले की 145.825 मेगाहर्ट्झवर ते ऐकलेला तुकडा पुन्हा खाली सोडते. स्थानक क्षितिजावर उगवल्यापासून मावळेपर्यंत फार तर दहा-अकरा मिनिटे मिळतात आणि त्या वेळी सुमारे 2200 किलोमीटर त्रिज्येच्या प्रदेशातले सगळे हॅम एकाच वाहिनीवर असतात. बाईंचा यागी अँटेना पीव्हीसी पाइपावर लावलेल्या पोलादी मोजपट्टीच्या तुकड्यांचा आहे. तो हातात धरून त्या गच्चीवर आकाशाचा मागोवा घेत वळतात. इथला संदेश अठ्ठावीस-तीस अक्षरांचाच ठेवतात. लांब तुकडा लांब वेळ हवा अडवतो आणि टकरीला तेवढाच जास्त सापडतो. आपलाच तुकडा स्थानकाच्या खुणेसह परत दिसला तर वर पोचल्याचे कळते. कोणा दूरच्या हॅमने उत्तर दिले तर त्यात बहुधा त्याचे कॉलसाइन, गावाचा पत्ता देणारी चार-सहा अक्षरे आणि 73 हा शुभेच्छांचा आकडा, एवढेच असते. बऱ्याच फेऱ्यांत काहीच परत येत नाही. तेव्हा बाई वहीत वेळ लिहून पुढे एक आडवी रेघ मारतात.

जमिनीवरची जोडणी सोडण्याचीही रीत आहे. एका केंद्राने तोडण्याचा तुकडा पाठवायचा आणि दुसऱ्याने तो मान्य केल्याची पोच द्यायची. ती आल्याशिवाय जोडणी तुटली असे यंत्र मानत नाही, ठरलेल्या वेळा पुन्हा पुन्हा विचारत राहते. एका संध्याकाळी डोंगरापलीकडून ही शेवटची पोच तिसऱ्या खेपेला आली. बाईंनी बोट खाली घेतले, वहीत वेळ आणि दोन कॉलसाइन लिहिली, आणि रात्रीच्या डाकेसाठी रिसीव्हर चालूच ठेवला.