सव्वा महिना : विश्रांती ठेवू या, विटाळ सोडू या



माझी मुलगी आता नऊ महिन्यांची आहे. ती झाली तेव्हा धानाच्या रोवणीचे दिवस होते. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून सुट्टी झाली आणि आम्ही दोघी बस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरी आलो. मागच्या खोलीत बाज टाकलेली होती. खिडकीला पोतं लावलं होतं, बाजेखाली शेगडी पेटवली होती. "पाणी जास्त पिऊ नको, पोट सुटेल," असं सासूबाईंनी सांगितलं. सव्वा महिना चुलीला, पाण्याच्या गुंडाला हात लावायचा नाही, हेही सांगितलं. त्या मायेनंच सांगत होत्या. त्यांच्या बाळंतपणात त्यांनाही हेच सांगितलं गेलं होतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मला रडू फुटलं. का, ते मलाच कळेना. शेजारची एक बाई म्हणाली, "पोरगी झाली म्हणून रडते." तसं काहीच नव्हतं. लेकीवर माझा जीव होता, पण अंग दुखत होतं, घसा कोरडा पडला होता आणि बंद खोलीत रात्र संपता संपत नव्हती.

सातव्या दिवशी आशाताई आल्या. त्यांनी आधी शेगडी बाहेर काढली, खिडकीचं पोतं काढलं आणि मला तांब्याभर पाणी दिलं. मग सासूबाईंना आणि माझ्या मालकांना समोर बसवून अर्धा तास बोलल्या. त्या दिवशी जे कळलं आणि नंतर जे विचारून घेतलं, ते या पानावर मांडते आहे.

विश्रांती वेगळी, विटाळ वेगळा

सव्वा महिन्याच्या रिवाजात दोन गोष्टी एकत्र गुंडाळलेल्या आहेत. एक आहे विश्रांती, आणि ती खरोखर गरजेची आहे. बाळंतपणानंतर गर्भाशयाला पहिल्या आकारावर यायला साधारण सहा आठवडे लागतात. वार जिथे चिकटलेली असते तिथे आत जखम असते. ती भरत असताना काही आठवडे अंगावरून जातं. ते आधी लाल असतं, मग तपकिरी होतं, मग पांढरट होतं. म्हणून जड गुंड उचलणं, वाकून रोवणी करणं, लाकडाचा भारा आणणं या काळात नको. सिझर झालं असेल तर जास्तच जपायला हवं. पण दिवसभर झोपून राहायचं असंही नाही. घरात हळूहळू चाललं की पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो.

दुसरी गोष्ट आहे विटाळ. अंगावरून जाणारं रक्त घाण आहे, म्हणून बाईला वेगळं बसवा, तिच्या हातचं पाणी नको, ही समजूत. याला शरीरशास्त्रात काही आधार नाही. ते भरत असलेल्या जखमेचं रक्त आहे. स्वच्छ धुतलेलं, उन्हात वाळवलेलं कापड किंवा पॅड वापरणं, ते वेळेवर बदलणं आणि रोज अंघोळ करणं, एवढीच काळजी त्याला लागते.

आपल्या माणसांना विटाळ हा शब्द नवा नाही. याच शब्दानं आपल्या आजा-पणज्यांना पाणवठ्यापासून दूर ठेवलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते त्याविरुद्धच. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्म स्वीकारून आपण ती व्यवस्था मागे टाकली. मग आपल्याच घरातल्या बाळंतिणीला पाण्याच्या गुंडापासून दूर का ठेवायचं?

आणि विश्रांतीचं म्हणाल, तर ती बाबासाहेबांनी बाईचा हक्क म्हणून मागितली होती. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यातल्या बायांसाठी प्रसूती रजेचं विधेयक आलं, तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ मध्ये तो कायदा झाला.

पाणी आणि जेवण

दूध पाण्यातूनच तयार होतं. पाणी प्यायल्यानं पोट सुटत नाही. पोट सैल असतं ते नऊ महिने ताणलेल्या स्नायूंमुळे. दर वेळी बाळाला पाजताना एक पेला पाणी प्यायची सवय ठेवली की हिशेब ठेवावा लागत नाही. पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठ होतो, लघवीला जळजळ होते, थकवा वाढतो.

आपल्या भागात याचं आणखी एक कारण आहे. पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार आढळतो, आणि आपल्या समाजातही तो आहे. सिकलसेलग्रस्त बाईच्या अंगात पाणी कमी पडलं तर रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा सुरू होतात. ताप आणि जंतुसंसर्ग यांनीही तसंच होतं. पाणी तोडणं आणि अंग तापवत ठेवणं हे तिच्यासाठी जिवावर बेतू शकतं. ज्यांच्याकडे सिकलसेलचं कार्ड आहे त्यांनी ते बाळंतपणाच्या कागदांसोबतच ठेवावं. आई किंवा बाबा वाहक असतील तर बाळाची तपासणी कधी करायची, हे दवाखान्यात विचारून घ्यावं.

पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर आणखी एक जेवण आणि मधे काहीतरी खाणं. यासाठी महागडा डिंक-सुकामेवा हवाच असं नाही. भात-वरण, मुनग्याची पानं, पालक, चवळी, अंडी, तळ्यातले मासे, जवसाची चटणी, गूळ-फुटाणे हे सगळं चालतं. "मासे खाल्ले तर बाळाला बाधेल" यात तथ्य नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायच्या असतात. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये. दोन्ही गोळ्या एकाच वेळी न घेता मधे काही तासांचं अंतर ठेवावं.

शेक, धूर आणि तंबाखू

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली की त्यातून विषारी वायू साचतो. त्याला वास नसतो. झोपेतच माणूस बेशुद्ध पडू शकतो. लहान बाळाची फुप्फुसं तर फारच नाजूक असतात. थंडीत ऊब हवी असेल तर सगळ्यात चांगली ऊब आईच्या छातीची. बाळाला उघड्या अंगानं छातीशी घ्यायचं आणि वरून पांघरूण घ्यायचं. कमी वजनाच्या बाळासाठी तर हाच उपचार आहे, आणि तो बाबालाही करता येतो.

ज्या घरात बिड्या वळल्या जातात तिथे आणखी जपायला हवं. तंबाखूची भुकटी हवेत उडते, हाताला आणि लुगड्याला चिकटते, आणि निकोटिन आईच्या दुधातही उतरतं. शक्य असेल तर हे सहा आठवडे बिडीचं सूप मांडीवर घेऊच नये. घेणं भागच असेल तर बाळ दुसऱ्या खोलीत ठेवावं, आणि पाजण्याआधी साबणानं हात धुवून वरचा कपडा बदलावा. घरात बिडी ओढणाऱ्यांनी बाहेर जावं. तंबाखू आणि घुटका आईनं तोंडात धरू नये.

बाळासाठी

जन्मल्यावर तासाभराच्या आत बाळाला छातीशी लावायचं. पहिलं पिवळसर चिकाचं दूध फेकू नये. त्यात रोगांशी लढणारे घटक असतात. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. मध, घुटी, गुळाचं पाणी, वरचं पाणी, काही नको. उन्हाळ्यातही नको. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल तर दूध पुरतं आहे असं समजावं. नाळेला हळद, राख, तेल काही लावू नये. ती कोरडी ठेवावी. डोळ्यांत काजळ आणि नाका-कानात तेल घालू नये.

मनाचं काय?

माझं ते रडणं दहा-बारा दिवसांत थांबलं. बाळंतपणानंतर शरीरातली संप्रेरकं एकदम खाली येतात, त्यात जागरण आणि दुखणं असतं. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पुष्कळ जणींना रडू येतं, चिडचिड होते. साधारण दोन आठवड्यांत हे निवळतं. त्यासाठी लागते झोप, पोटभर जेवण आणि ऐकून घेणारं एखादं माणूस.

पण दोन आठवड्यांनंतरही उदासी जात नसेल, बाळ निजलं तरी झोप येत नसेल, जेवण नको वाटत असेल, बाळाविषयी काहीच वाटत नसेल, "मी चांगली आई नाही" असं सारखं मनात येत असेल, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. तो आजार आहे. त्यावर उपचार आहेत आणि बाई बरी होते. हे नखरे नाहीत, आणि बाहेरची बाधाही नाही. अंगारा-धुपाऱ्यात आणि मांत्रिकाकडे दिवस घालवू नयेत. १४४१६ या टेलिमानसच्या नंबरावर कधीही फुकट बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असं मनात येत असेल, बाई असंबद्ध बोलत असेल, कुणी नसताना आवाज ऐकू येत असतील, तर तिला एकटीला न सोडता त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं.

रमाईंना पाच लेकरं झाली. त्यातली चार दगावली, एकटे यशवंतराव राहिले. आपण त्यांच्या सोसण्याचं कौतुक करतो. पण आपल्या सुनांनी आणि लेकींनी मुकाट सोसावं, हा त्याचा अर्थ नाही.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

आईला : तासाभरात कापड भिजेल इतकं रक्त जाणं, ताप, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास, जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, झटके, धाप, एका पोटरीला सूज आणि दुखणं.

बाळाला : दूध न ओढणं, सुस्त पडणं, अंग गार किंवा तापलेलं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, तळहात-तळपाय पिवळे होणं, नाळेतून पू, झटके.

अशा वेळी १०८ ला फोन करावा. बाळंतीण आणि बाळासाठी १०२ ची गाडीही असते. सरकारी दवाखान्यात आईची प्रसूती आणि एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. गोंदिया शहरातल्या बाई गंगाबाई महिला रुग्णालयातही हा हक्क लागू आहे.

घरातल्यांचं काम

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचं असतं. या तारखा भिंतीवर लिहून ठेवा आणि त्या आल्या की सासूबाईंनी आणि नवऱ्यानंही जवळ बसावं. दीड महिन्याच्या लसी चुकवू नका. पुढच्या बाळाच्या अंतराचं बोलणंही याच काळात करून घ्या. तांबी, अंतरा इंजेक्शन, निरोध यांतलं काय सोयीचं ते दोघांनी मिळून ठरवावं.

२० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की बायकोनं नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची व्हावं, दासी नव्हे. ही बरोबरी दिसायची तर ती लंगोट धुण्यात, पाणी भरण्यात आणि रात्री बाळाला खांद्यावर घेण्यात दिसली पाहिजे. आमच्या घरी आशाताई येऊन गेल्या त्या रात्रीपासून मालक दोन वाजता उठू लागले. पाजून झालं की लेकीला ते घेत, आणि मला सलग तीन तास झोप मिळे. मला सावरलं ते त्या झोपेनं.

पुढे त्रिशरण-पंचशील घेऊन लेकीचं नामकरण झालं. त्या दिवशी सासूबाईंनी स्वतः मला पाण्याच्या गुंडाजवळ नेलं आणि म्हणाल्या, "आता तूच पाहुण्यांना पाणी दे." परवा आमच्या गल्लीत एक सून बाळाला घेऊन घरी आली. तिच्या खोलीची खिडकी उघडायला सासूबाईच गेल्या होत्या.

नमो बुद्धाय. जयभीम.