वाघ तीन, बकऱ्या पंधरा

'वाघ-बकरी' म्हटलं की आता चहाचा पुडाच आठवतो. पण आमच्या धर्माबादकडच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला विचारून पाहा, ती फरशीवर खडूनं रेघा मारायला लागेल. आमचं गाव तेलंगणाच्या सीमेला लागून. निजामाबादकडच्या लेकी इकडे सुना होऊन येतात, इकडच्या तिकडे जातात. म्हणून आमच्या गल्लीत या खेळाला दोन नावं. अर्ध्या जणी वाघ-बकरी म्हणतात, अर्ध्या पुली-मेका. तेलुगूत पुली म्हणजे वाघ आणि मेका म्हणजे शेळी.

मैत्रिणींनो, खेळाला फासे नकोत, पत्ते नकोत. एक मोठा त्रिकोण, टोकापासून खाली येणाऱ्या रेघा आणि त्यांना कापणाऱ्या आडव्या रेघा. रेघा भेटतात तिथे घर. अशी 23 घरं. वाघांसाठी 3 खडे, बकऱ्यांसाठी 15 चिंचोके. झाली तयारी!

एकीनं वाघ घ्यायचे, दुसरीनं बकऱ्या. बकऱ्या एकेक करून मांडायच्या. सगळ्या मांडून होईपर्यंत एकीलाही जागचं हलता येत नाही. वाघ मात्र पहिल्यापासून मोकळा. शेजारच्या बकरीवरून सरळ रेघेत पलीकडच्या रिकाम्या घरात उडी मारली की ती बकरी गेली. बकरीला मात्र वाघ मारताच येत नाही. तिनं फक्त उभं राहायचं, सरकायचं आणि वाघाच्या वाटा बंद करायच्या. तिन्ही वाघांना हलायला जागा उरली नाही की बकऱ्या जिंकल्या.

ऐकायला किती अन्यायाचा खेळ वाटतो ना? मलाही नवी सून असताना तसंच वाटायचं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "बकरी मांडताना वाघाकडं बघू नको. तिच्या पाठीमागं बघ, कोण उभं हाय." सगळा डाव या एका वाक्यात आहे. मागचं घर भरलेलं असेल तर वाघ कितीही गुरगुरला तरी उडी मारू शकत नाही.

सासूबाईंनी लहानपणी रझाकारांचा काळ पाहिला होता, म्हणून हे वाक्य मला नुसतं खेळापुरतं कधी वाटलं नाही. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, पण आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानातच राहिला. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी आपल्या लातूरचाच वकील. फौज, पोलीस, तुरुंग सगळं निजामाकडं. आमच्याजवळच्या अर्जापूरला 1946 साली गोविंदराव पानसरेंची हत्या झाली. स्वामी रामानंद तीर्थांना तुरुंगात टाकलं. रझाकारांविरुद्ध लिहिणारे हैदराबादचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट 1948 मध्ये खून झाला. हा लढा एका धर्माचा दुसऱ्याविरुद्ध नव्हता, हे त्यांच्या एका नावानंही समजतं.

तरीही माणसं हटली नाहीत. सीमेपलीकडं छावण्या उभ्या राहिल्या. 30 जानेवारी 1948 ला सैनिकांनी आमच्याच रेल्वेमार्गावरच्या उमरीची बँक लुटली आणि तो पैसा लढ्यासाठी नेला. त्याच संध्याकाळी तिकडं दिल्लीत गांधीजींची हत्या झाली.

बंदूक धरणाऱ्यांची नावं पुस्तकात आली. जालन्याकडच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारखी एखादी बाईही त्यात आली. पण ज्यांनी रात्री-अपरात्री भाकरी थापून दिल्या, निरोप पोचवले, अनोळखी पोराला घरात लपवून दाराशी आलेल्यांना "कुणी नाही" म्हणून सांगितलं, त्या बायकांची नावं कुठं आहेत? सैनिकामागचं घर भरलेलं राहिलं ते त्यांच्यामुळे. शेवटी 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा आत आल्या आणि 17 सप्टेंबरला निजाम शरण आला. पण तोवर तेरा महिने वाघाच्या वाटा अडवून धरल्या होत्या त्या साध्या माणसांनीच.

सत्तेविरुद्धची लढाई पटावर मांडणाऱ्या बायका परदेशातही होत्या. इंग्लंडमध्ये मताचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांनी 1908 च्या सुमारास 'सफ्राजेटो' नावाचा खेळच काढला. एकीकडं बायका, दुसरीकडं पोलीस. बायकांनी पार्लमेंटमध्ये घुसायचं आणि आपली सभा पोलिसांपासून वाचवायची. पटावर तुरुंग होता आणि दवाखानाही! कारण खऱ्या मोर्चात त्यांना दोन्ही ठिकाणी जावं लागत होतं. पुढं 1918 मध्ये काही स्त्रियांना आणि 1928 मध्ये पुरुषांच्या बरोबरीनं सगळ्यांना मत मिळालं.

आपल्याला मत मिळालेलंच आहे. पण मागचं घर आपण भरतो का? गावातली दारू बंद करायला आपल्याकडं 'आडवी बाटली'चं मतदान होतं. त्यात आलेल्यांपैकी निम्म्या बायकांची मतं पुरत नाहीत. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी बाटली आडवी करावी लागते. म्हणजे जी बाई "माझ्या एकटीच्या मतानं काय होतंय" म्हणून घरी बसली, तिचं न आलेलं मत दारूवाल्याच्याच कामी येतं. पुढं उभी राहून बोलणाऱ्या बाईच्या पाठीमागचं घर रिकामं राहतं, आणि वाघ तीच जागा हेरून असतो.

येत्या सुट्टीत पोरींना घेऊन बसा. मोबाईल बाजूला ठेवायला लावा आणि खडू हातात द्या. मुलांनाही बसवा. सगळ्यांना आधी वाघच हवा असतो, हे मी घरोघर पाहिलंय. वाघ कुणालाही खेळता येतो. पण पहिले चार डाव त्यांना बकऱ्या खेळायला लावा, आणि एखादी बकरी गेली की एवढंच विचारा, "तिच्यामागं कोण होतं गं?"