कोकणातील जांभ्याच्या घरास लाकडी जोडखोली : एक पर्यावरणनिष्ठ पर्याय

प्रस्तावना :
कुटुंब वाढले की घर अपुरे पडू लागते. अशा वेळी कोकणात जांभ्याच्या भिंतींचे कौलारू घर पाडून त्या जागी सिमेंट-काँक्रीटची इमारत उभारण्याकडे अनेकांचा कल असतो. वस्तुतः जुन्या भिंती व जोते यांत श्रम आणि साधनसामग्री पूर्वीच खर्च झालेली असते. घर पाडल्यास ती वाया जाते. शिवाय जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंट-उत्पादनाचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. या पार्श्वभूमीवर, मूळ घर राखून त्यास लाकडी खोली जोडण्याच्या पर्यायाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लाकूड आणि कार्बन :
कोरड्या लाकडाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कार्बनचा असतो. म्हणजेच ५०० किलोग्रॅम कोरड्या लाकडात झाडाने हवेतून शोषलेला सुमारे ९०० किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बद्ध असतो. लाकूड कुजले वा जळले की तो पुन्हा हवेत मिसळतो. त्यामुळे अशा बांधकामाचा पर्यावरणीय लाभ हा प्रामुख्याने त्याच्या टिकाऊपणावर अवलंबून आहे.

बांधकामाचे तंत्र :
लाकडातील आर्द्रता २० टक्क्यांहून अधिक राहिल्यास बुरशीचा धोका वाढतो. म्हणून लाकूड पूर्ण वाळवूनच वापरावे. खांब जमिनीत न पुरता दगडी बैठकीवर उभे करावेत. त्यामुळे ओल चढत नाही आणि वाळवीची मातीची नळीही चटकन दृष्टीस पडते. छपराची वळचण पुरेशी पुढे काढावी, म्हणजे पागोळ्यांचे पाणी लाकडी भिंतीवर येत नाही.

जुने घर वर्षानुवर्षांच्या भाराने स्थिरावलेले असते, तर नवा पाया काही काळ खचत राहतो. दोन्ही भाग घट्ट जखडल्यास भिंतीला तडे जाण्याचा संभव असतो. यास्तव जोडखोलीचा भार स्वतंत्र खांबांवर घ्यावा, दोन्हींमध्ये थोडी फट ठेवावी व ती वरून पत्र्याच्या पट्टीने झाकावी. लाकडाचे सांधे बोल्टने जोडल्यास पुढे खोली सुटी करून तेच लाकूड पुन्हा वापरता येते.

लाकडाची निवड व कायदा :
जुन्या घरांतून निघालेल्या तुळया व वासे यांस प्रथम पसंती द्यावी. साग, ऐन, फणस इत्यादी वृक्ष खाजगी जमिनीवर असले तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार तोडीपूर्वी परवानगी आवश्यक असते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये लाकडाच्या वापरावर घातलेली बंदी २०२० मध्ये उठविली, ही बाबही येथे लक्षणीय आहे. तथापि तोडलेल्या झाडाच्या जागी नवे झाड वाढले नाही, तर वरील हिशेबास अर्थ उरत नाही.

निष्कर्ष :
लाकूड वापरले एवढ्यानेच बांधकाम पर्यावरणस्नेही ठरत नाही. जुने घर राखणे, पाण्यापासून लाकडाचे रक्षण करणे आणि पुनर्वापराची सोय ठेवणे या तीन अटी पाळल्या, तरच जोडखोली कुटुंबाची गरज भागवील आणि निसर्गावरील भारही मर्यादित ठेवील.