शूटिंग दिसतं, अ‍ॅनिमेशन दिसत नाही

वाई-मेणवलीच्या माणसाला सिनेमाचा धंदा समजावून सांगावा लागत नाही. 'स्वदेस' मेणवलीत झाला. 'लागिरं झालं जी' सारखी मालिका साताऱ्याच्या परिसरात उभी राहिली. युनिटच्या गाड्या गावात शिरल्या की वाडा भाड्याने जातो, जेवणाची ऑर्डर निघते, गर्दीच्या सीनला माणसं लागतात. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे चावडीवर बसून दिसतं. अ‍ॅनिमेशनला यातलं काहीच लागत नाही. ते मुंबई, पुणे, हैदराबाद नाहीतर बंगळुरूच्या एखाद्या इमारतीत पडदे ओढून चालतं. काम दिसत नाही म्हणून त्याबद्दल कुणीही काहीही बोलतं. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज या पट्ट्यात जी वाक्यं नेहमी कानावर पडतात, त्यातली काही इथे घेतो.

"त्यात काय, कॉम्प्युटरच करतो सगळं"

हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत चिवट गैरसमज. सिनेमात एका सेकंदाला 24 चौकटी असतात. दीड तासाचा चित्रपट म्हणजे 1,29,600 चौकटी. हाताने काढणारे लोक बहुधा एक चित्र दोन चौकटींना वापरतात, म्हणजे चित्रं निम्मी होतात. तरी 64,800 उरतात. तीसुद्धा एकच पात्र पडद्यावर आहे असं धरून. भारत आणि जपानच्या सहकार्यातून झालेल्या, युगो साको आणि राम मोहन यांच्या 1992 च्या रामायणपटासाठी लाखाच्या घरात चित्रं हाताने रंगवली गेली होती.

संगणक आल्यावर चित्रं काढणं कमी झालं, पण ठरवणं कमी झालं नाही. त्रिमितीय अ‍ॅनिमेशनमध्ये आधी पात्राचा पुतळा घडवतात. मग रिगिंग होतं, म्हणजे त्या पुतळ्याच्या आत सांधे आणि स्नायूंची व्यवस्था बसवतात. त्यानंतर अ‍ॅनिमेटर एकेक मुद्रा ठरवतो. त्या मुद्रांना की-फ्रेम म्हणतात. दोन की-फ्रेमच्या मधलं अंतर संगणक भरून देतो हे खरं आहे. पण नुसतं त्याच्यावर सोडलं, तर पात्र पाण्यात तरंगत चालल्यासारखं दिसतं. उसाची मोळी उचलणारा माणूस आधी गुडघ्यात वाकतो, श्वास रोखतो, मोळी खांद्यावर आली की अर्धं पाऊल मागे जातो आणि मग सावरतो. वजन मोळीत नसतं, ते त्या अर्ध्या पावलात असतं. ते पाऊल संगणकाला सुचत नाही, कारण त्याने मोळी उचललेली नाही. म्हणूनच या क्षेत्रात शिकणाऱ्याला आधी उड्या मारणारा चेंडू आणि मग साधं चालणं, हेच पुन्हा पुन्हा करायला लावतात. मोठ्या चित्रपटांत एका अ‍ॅनिमेटरकडून आठवड्याला काही सेकंदांचंच काम पुरं होतं.

यंत्रही फुकट राबत नाही. 1995 च्या 'टॉय स्टोरी'त 1,14,240 चौकटी होत्या आणि त्या रेंडर करायला, म्हणजे त्यांची अंतिम चित्रं बनवायला, आठ लाख यंत्र-तास लागले.

आता 'एआय' करेल, असं नवं पालुपद सुरू झालं आहे. रंग भरणं, माणसाची कडा कापून काढणं, मधली चित्रं भरणं ही कामं एआयकडे चालली आहेत, हे मान्य करावंच लागेल. धोका खरा आहे. पण तो पहिल्यांदा पोचतो तो खालच्या पायरीवरच्या मुलाला, आणि आपल्याकडची बहुतेक मुलं याच पायरीवरून आत शिरतात. "एआय सगळं करेल" म्हणणाऱ्याला हा भाग सहसा ठाऊक नसतो.

"नट नाहीत, लोकेशन नाही, म्हणजे स्वस्तात होत असेल"

नट असतात. आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि त्यावर चित्रं बेततात. लोकेशनही असतं, फक्त ते गवताच्या पात्यापासून बनवावं लागतं. मेणवलीचा घाट कॅमेऱ्याला आयता मिळतो. अ‍ॅनिमेशनमध्ये त्याची एकेक पायरी, तिच्यावरचं शेवाळ आणि पाण्यातली सावली यांचा वेगवेगळा हिशेब होतो. स्वस्त यातलं काहीच नाही.

"ही कला आपल्याकडे परवा-परवा आली"

दादासाहेब फाळके 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा 'राजा हरिश्चंद्र'साठी त्यांच्याजवळ पैसे नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ रोज थोडी-थोडी, चौकट-चौकट टिपली. पडद्यावर रोप भराभर वर आलं. ती फिल्म बघून नाडकर्णी नावाच्या गृहस्थाने भांडवल दिलं. म्हणजे भारतीय कथापटाच्या पहिल्या भांडवलामागे कॅमेरा थांबवून-थांबवून चालवण्याचीच करामत होती. पुढे 1915 मध्ये फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. त्यात काडेपेटीतल्या काड्या एकेक चौकट सरकवत नाचवल्या होत्या. ती फिल्म आज उपलब्ध नाही.

कोल्हापुरात 1929 मध्ये स्थापन झालेली प्रभात कंपनी 1933 मध्ये पुण्याला गेली आणि पुढच्याच वर्षी तिथून 'जंबूकाका' हा छोटा कार्टूनपट निघाला. तो रघुनाथ केळकर यांनी केला. मुंबईत पेडर रोडवर फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग 1956 मध्ये सुरू झाला. तिथल्या मुलांना शिकवायला डिस्नेमधले क्लेअर वीक्स आले होते. त्यांचा जन्मही भारतातलाच. राम मोहन तिथेच घडले. 'एक, अनेक और एकता' हा 1974 चा लघुपट दूरदर्शनच्या जमान्यातल्या कुणालाही आठवत असेल. त्याच्या दिग्दर्शिका विजया मुळे, आणि अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं.

इथे एक उलटा गैरसमजही आहे. "आपल्याकडे हे सगळं आधीच होतं" असं म्हणायची हौस आपल्याला भारी. सांगलीत तर त्यासाठी दारूगोळा तयार आहे. 1843 मध्ये सांगलीच्या दरबारात 'सीतास्वयंवर' करणारे विष्णुदास भावे लाकडी बाहुल्याही घडवत. त्या जुन्या बाहुल्या पुढे रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी अख्खं रामायण चित्रांत मांडून 1916 मध्ये छापलं, आणि औंधच्या डोंगरावरचं त्यांचं संग्रहालय आजही बघता येतं. त्याच संस्थानाच्या मुलखात किर्लोस्करवाडी वसली. तिथून निघणाऱ्या 'किर्लोस्कर'चे संपादक शंकरराव स्वतः व्यंगचित्रं काढत. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात.

यातलं काहीही अ‍ॅनिमेशन नव्हतं. बाहुली दोरीने त्याच क्षणी हलते आणि चित्ररामायणातलं चित्र तर हलतच नाही. पण निर्जीव वस्तूकडून अभिनय करून घेणं आणि गोष्ट एकामागून एक चित्रांत तोडून मांडणं, या दोन विद्या या मातीत होत्या. अ‍ॅनिमेशनला पुढे याच दोन लागतात. दुसरीला अ‍ॅनिमेशनवाले स्टोरीबोर्ड म्हणतात. एवढाच दावा करावा. त्याहून मोठा केला की तो खोटा होतो.

"कार्टून म्हणजे लहान पोरांचं"

ज्या शिन-चॅनवरून घरोघरी आया वैतागल्या, तो मुळात जपानमध्ये 1990 मध्ये मोठ्या माणसांच्या चित्रकथा-साप्ताहिकात सुरू झाला होता. आपल्याकडे तो बाळगोपाळांच्या वाहिनीवर लागला आणि मग पोरगं उलटं बोलतं म्हणून ओरड झाली. दोष चित्रात नव्हता, वाहिनी चुकली होती. अ‍ॅनिमेशन हा माध्यमाचा प्रकार आहे. त्यात बालगीत बसतं आणि युद्धही बसतं. दुसऱ्या महायुद्धातल्या दोन भुकेल्या भावंडांवरचा जपानी चित्रपट 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (1988) जेवताना लावून बघा म्हणावं.

लांब कशाला, मुंबईच्या जे. जे. मधून शिकलेल्या गीतांजली राव यांचा 'बॉम्बे रोझ' पाहा. 2019 च्या व्हेनिस महोत्सवात समीक्षक विभागाची सुरुवात या चित्रपटाने झाली. मुंबईत पोटासाठी आलेल्या माणसांची ती प्रेमकथा, आणि चौकट न चौकट रंगवलेली. आपल्या चित्रपटगृहांना तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती घरी बसून नेटफ्लिक्सवर बघावी लागली.

"आपली कार्टून भिकार, कारण आपल्या पोरांना जमत नाही"

मालिकांचा दर्जा अनेकदा भिकार असतो, यावर मी भांडत बसणार नाही. कारण मात्र वेगळं आहे. टीव्हीवरचं अ‍ॅनिमेशन जगभर काटकसरीतूनच जन्मलं. 'टॉम अँड जेरी' चित्रपटगृहांसाठी, भरपूर पैसा ओतून होत असे. त्याला सात ऑस्कर मिळाली. त्याच हॅना-बार्बेरा जोडीला पुढे टीव्हीसाठी थोडक्या पैशांत भाग काढायचे होते. म्हणून त्यांच्या पात्रांच्या गळ्यात कॉलर किंवा टाय आला: धड स्थिर ठेवायचं, टायच्या वर नुसतं डोकं हलवायचं, जोड झाकला जातो. आपल्याकडे 2008 पासून चाललेला 'छोटा भीम' काय आणि 'मोटू पतलू' काय, त्याच घराण्यातले. आपली काटकसर मात्र त्याही पुढची. बालवाहिन्यांना जाहिराती कमी मिळतात, दर कमी, आणि मुलांना तेच भाग पुन्हा पाहायला आवडतात, म्हणून नव्या भागावर खर्च करायची वाहिनीला घाई नसते. अशा गणितात अ‍ॅनिमेटरला दिवसाचा कोटा भरायचा असतो. मोळी उचलणाऱ्याचं ते अर्धं पाऊल त्यात पहिल्यांदा जातं.

हीच माणसं वेळ मिळाला की काय करतात? 'अल्फा अँड ओमेगा' (2010) हा अमेरिकी चित्रपट मुंबईच्या क्रेस्ट स्टुडिओत झाला. 'दिल्ली सफारी' पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सने केला आणि राष्ट्रीय पुरस्कार घेतला. वैभव कुमारेश यांचा 'लॅम्पुट' एकही संवाद नसताना देशाबाहेर चालला. हात तोच, मुदत वेगळी.

"एक वर्षाचा कोर्स केला की नोकरी पक्की"

सांगली-साताऱ्यातल्या पालकांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. जाहिरातीत ड्रॅगन असतो. नोकरी बहुधा रोटोची मिळते, म्हणजे चित्रित झालेल्या शॉटमधल्या माणसाची कडा चौकटीमागून चौकट कापत बसणं. ते व्हीएफएक्स, म्हणजे दृश्यपरिणामांचं काम आहे, अ‍ॅनिमेशन नाही. काम कमी दर्जाचं नाही, पण आपण कशाची फी भरतोय हे माहीत हवं. धंदाही भरवशाचा नाही. 'लाइफ ऑफ पाय'चे दृश्यपरिणाम करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनीला फेब्रुवारी 2013 मध्ये ऑस्कर मिळालं. त्याआधी जेमतेम दोनएक आठवडे तिने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. तिचे स्टुडिओ मुंबई-हैदराबादलाही होते. फेब्रुवारी 2025 मध्ये याच धंद्यातला टेक्निकलर समूह कोसळला आणि भारतातल्या हजारो कामगारांचा रोजगार गेला. दोन्ही वेळा हातातलं काम उत्तमच होतं.

स्टुडिओ प्रमाणपत्र बघत नाही, शोरील बघतो: मिनिटभराचं स्वतःचं काम. फी भरण्याआधी संस्थेकडे मागच्या बॅचच्या मुलांची शोरील मागावी. "उद्या दाखवतो" म्हणाले, तर परत जायची घाई करू नये. आपल्या शाळांतली मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएट देतात ती दहावीच्या वाढीव गुणांपुरती, आणि मग वही बंद होते. ती चालू ठेवणाऱ्या मुलाला सॉफ्टवेअर काही महिन्यांत येतं. चित्रकला न येणाऱ्याला सॉफ्टवेअरने ती आलेली मी पाहिली नाही. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत आणि अहमदाबादच्या एनआयडीत अ‍ॅनिमेशनचे अभ्यासक्रम आहेत. तिथे प्रवेशालाच चित्र आणि विचार तपासतात.

"मराठीत चालणार नाही"

चालत नाही की चालवून पाहिलंच नाही? 2018 चा 'प्रभो शिवाजी राजा' सोडला तर लगेच आठवेल असं दुसरं नाव सांगा. 'महावतार नरसिंह' जुलै 2025 मध्ये आला, तेव्हा पौराणिक कार्टून बघायला मोठी माणसं तिकीट काढणार नाहीत असंच सगळे धरून चालले होते. त्याने 300 कोटींच्या आसपास गल्ला केला. साको-राम मोहन यांचं रामायण जानेवारी 2025 मध्ये पुन्हा प्रदर्शित झालं ते इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत. मराठीला कुणी विचारलं नाही, कारण मराठी घराला हिंदी कळतं हे गृहीत आहे. कळतं, हे खरंच. म्हणून आपली पोरं 'छोटा भीम' बघत हिंदीत भांडायला शिकतात आणि निर्माता म्हणतो, मराठीला मागणी नाही.

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगसाठी 3,268 कोटींचं धोरण मंजूर केलं. हेच विषय शिकवणाऱ्या केंद्राच्या नव्या आयआयसीटी संस्थेचं पहिलं आवारही पेडर रोडलाच आहे, फिल्म्स डिव्हिजनच्या जुन्या आवारात. इमारती आणि संगणक येतील. मराठीतल्या एका पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी चार वर्षांचे पगार कोण देणार, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.